पाहुणीपुढची दोन अंडी

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या किचनमध्ये लेक कॉलेजच्या फील्ड स्कूलचा, आफ्रिकेतल्या मलावीच्या अभ्यासदौऱ्याचा, फॉर्म भरत होती. "आई, तू पण मलावीला गेली होतीस ना? कसं होतं?" मी उकडलेलं अंडं सोलत होते. त्या उग्र, ऊन वासानं माझा हात थांबला.

वीस वर्षांपूर्वी पब्लिक हेल्थ शिकताना मी तिथल्या एका खेड्यात घरोघर सर्व्हे करत होते. एका घरी बाईनं चटई अंथरली आणि दोन उकडलेली अंडी, चिमूटभर मीठ माझ्यापुढे ठेवलं. तिची काटकुळी पोरगी माझ्या बोटांकडे बघत राहिली. नाही म्हणणं म्हणजे अपमान, असं आम्हाला शिकवलेलं. मी दोन्ही खाल्ली आणि फॉर्मवर टिक केली: घरात अन्न पुरेसं.

बाहेर आल्यावर ग्रेस, आमची दुभाषी, हळूच म्हणाली, "ती टिक खोडून टाक. अंडी शेजारून मागून आणली होती, तुझ्यासाठी."

"जे दिसलं तेच लिहायचं, असा नियम आहे," मी म्हणाले.

त्या फॉर्मांवरून पीठवाटपाची यादी झाली. त्यात ते घर नव्हतं. मला ए ग्रेड मिळाली. त्या पोरीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंही नाही.

नागपूरला पाहुणे आले की माझी आई शेजारच्या काकूंकडून दूध मागून आणायची, आणि आम्ही चहा मागू नये म्हणून डोळ्यांनी दटावायची. त्या घरात वाढलेली मी. टिक मीच केली.