चार पदरी, आठ पदरी आणि एक नळ

मासेमारीचा दोरा किती मजबूत आहे हे तपासायला मासा लागत नाही. एक सासरा आणि एक जावई असला की काम भागतं.

माझे सासरे, म्हणजे माझी बायको संगीता हिचे बाबा, ज्यांना मी मामाजी म्हणतो, कारंजा (घाडगे) इथे राहतात. बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून गळ घेऊन तलावाच्या काठी बसतात. मी वर्ध्यात लेडीज टेलर. त्यांच्या नादाने मलाही गळाचं वेड लागलं. (लग्नात त्यांनी मला अंगठी घातली होती, पण आपण यांचे लाडके आहोत हे मला कळलं ते त्यांनी स्वतःचं जुनं रीळ दिलं तेव्हा!) आमचं सगळ्या बाबतींत एकमत असतं. रश्श्याला तिखट किती हवं, सासूबाई चिडल्या की कुठे पळायचं, सगळ्यात. वाद एकाच गोष्टीवर. दोरा!

हल्ली गळाला नायलॉनऐवजी मुलींच्या वेणीसारखा विणलेला बारीक दोरा मिळतो. मामाजी चार पदरी दोऱ्याचे भक्त. मी नुकताच आठ पदरी मागवला होता.

"जवाईबापू, आठ पदर कायले पाह्यजे? एवढे पदर तर संगीताच्या शालूलेही नाई."

"मामाजी, हात लावून पाहा ना. रेशीम आहे रेशीम! दूर जातो, आवाज करत नाही."

"मासे काय लग्नाले येऊन राह्यले का रेशीम पाहाले? माह्या दोऱ्याचे पदर जाड हायेत. दगडावर घासला तरी तुटत नाई."

"धाग्यातलं मला शिकवू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी बोलायला नको होतं, आणि त्या दिवशी तर मुळीच नको होतं. कारण त्या दिवशी आमच्याकडे केळवण होतं. माझी मेहुणी पल्लवी, तिचा होणारा नवरा निखिल आणि त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. भर मे महिना. नळाला एक दिवसाआड पाणी. गच्चीवरची टाकी संगीताने आदल्या दिवशीच काठोकाठ भरून ठेवली होती आणि मुक्कामाला आलेल्या मामाजी-सासूबाईंसकट आम्हा सर्वांना तोंड धुवायला फक्त तांब्या दिला होता.

सकाळी संगीताने मला सांबार आणायला पाठवलं. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीबरोबर खायचा समजू नका!) मी परत आलो तर मामाजी अंगणात दोन्ही रिळं घेऊन बसले होते.

"या. आज फैसला करूनच टाकू."

पहिली परीक्षा घासण्याची. धुण्याच्या खरबरीत दगडावर दोन्ही दोरे घासले. माझ्या आठ पदरीला लगेच लव आली. मांजरीच्या शेपटीसारखा फुलला. मामाजींचा चार पदरी जसाच्या तसा! मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. मी हातातला सांबार तिथेच ठेवला आणि म्हणालो, "आता फेकून पाहू."

गळाऐवजी दोऱ्याला बटाटा बांधला. मामाजींनी फेकला. दोरा काठीच्या कड्यांतून कुर्र कुर्र करत गेला आणि बटाटा फाटकाजवळ पडला. मग मी फेकला. अहाहा! आवाज नाही, अडखळणं नाही. बटाटा फाटकावरून, रस्त्यावरून, समोरच्या काकूंच्या गच्चीच्या कठड्यावरून गेला आणि दिसेनासा झाला.

"पाहिलं?" मी म्हणालो.

"पाह्यलं. आता आना वापस."

मी रीळ फिरवायला लागलो. काहीतरी जड लागलं. या दोऱ्याची गंमत अशी की तो नायलॉनसारखा ताणला जात नाही; पलीकडे जे काही अडकलं असेल ते थेट आपल्याकडे निघतं. जे अडकलं होतं ते काकूंचं धोतर होतं. म्हणजे काकांचं धोतर, काकूंनी कुरड्या वाळवायला पसरलेलं! कठड्यावरून आधी धोतराचं टोक आलं आणि मग रस्त्यावर कुरड्यांची बरसात झाली.

"लागला लागला! मोठा हाय!" मामाजी ओरडले.

काकू कठड्यावर आल्या. "काऊन जी दिलीपभाऊ? मागितल्या असत्या तर दिल्या नसत्या का मी?"

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण एक परीक्षा त्यांनी जिंकली होती, एक मी. (कुरड्यांचं मी धरत नव्हतो.) आता राहिला ताकदीचा सामना.

"दोनी दोरे एकमेकाले बांधू," मामाजी म्हणाले. "जो तुटन तो हारला."

मामाजींच्या दोऱ्याचं टोक अंगणाकडच्या भिंतीतल्या नळाला बांधलं. माझ्या दोऱ्याचं टोक मी हाताला रुमाल गुंडाळून धरलं. मधे दोन्ही दोऱ्यांची गाठ मी मारली. आयुष्यभर गाठी मारत आलेला माणूस मी! पाय रोवले, जोर लावला, आणि गाठ लोण्यातून सुरी निघावी तशी सुटली. मी मागच्या मागे वांग्यांच्या टोपलीत जाऊन बसलो. संगीताचा भरल्या वांग्यांचा बेत होता. तो तिने त्याच क्षणी बदलून भरताचा केला.

"साधी गाठ नाई चालत याले. गुळगुळीत असते ना," म्हणत मामाजींनी दोरे दुहेरी केले, गाठीला थुंकी लावली आणि दातांनी आवळली. "आता लावा जोर. हातानं नाई होत. गाडी काढा."

मीही गाडी काढली! दोरा मागच्या कॅरिअरला बांधला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून संगीताचा आवाज आला, "अहो, काय करून राह्यले तुमी? पाहुणे येतीन नं आता! बाबा, तुमी तरी सांगा यांले!"

"सांगून राह्यलो, बाई," मामाजी म्हणाले आणि माझ्याकडे वळून हळूच पुटपुटले, "दुसरा गिअर टाकजा."

मी दुसरा गिअर टाकला. दोरा ताठ झाला. सतारीची तार छेडावी तसा एक टणत्कार झाला. मला वाटलं, तुटला! कोणाचा तुटला हे पाहायला मान वळवली, तर माझ्या मागून दोन्ही दोरे येत होते, मधली गाठ येत होती, आणि गाठीच्याही मागून उड्या मारत नळ येत होता.

भिंतीतून पाण्याची आडवी धार निघाली आणि थेट अंगणाच्या फाटकापर्यंत पोचली. आणि त्याच वेळी फाटक उघडलं. पांढराशुभ्र सदरा घातलेले निखिलचे वडील पुढे, मागे त्याची आई, मागे निखिल आणि पल्लवी. धार व्याह्यांच्या बरोबर छातीवर बसली.

मामाजी भिजलेल्या अवस्थेत हात जोडून उभे राहिले. "या इवाईबुवा, या! पान्याची काई कमी नाई आमच्याकडे!"

टाकीचा कॉक बंद करायला मी गच्चीवर पळालो. तो गंजून असा बसला होता की हलेना. खाली आलो तर संगीता पदर खोचून पाइपात फडकं कोंबत होती आणि पाणी ते फडकं तिच्याच तोंडावर फेकत होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात लाटणं होतं, म्हणून मामाजी आणि मी दोघेही त्यांच्याकडे बघत नव्हतो. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते टाकीचं नव्हतं. तेव्हा मात्र मला वाटलं, पोरीचं जमलेलं लग्न आपण दोऱ्याने ओढून मोडलं की काय!

मी धावलो आणि पाइपाच्या तोंडात अंगठा खुपसला. धार थांबली. निखिलने खाली वाकून चिखलातला दोरा उचलला, बोटांत फिरवला, गाठ पाहिली.

"एवढं झालं तरी तुटला नाई?" तो म्हणाला. "कोनता हाय जी हा?"

"चार पदरी!" मामाजी.

"आठ पदरी!" मी.

निखिलचे वडील एवढ्या जोरात हसले की त्यांच्या सदऱ्यातलं पाणी सगळ्यांवर उडालं. "अगं पल्लवी, रडू नको," ते म्हणाले. "आमच्या घरी याच्या काकानं पतंगाच्या मांज्यापायी टीव्हीचा अँटेना पाडलता. सोयरीक एकदम बराबर जुळली!"

पल्लवी रडता रडता हसली. जेवणं झाली. पाटोडीचा रस्सा फक्कड जमला होता म्हणतात. म्हणतात, कारण प्लंबर येईपर्यंत मी त्या भिंतीशी उभा होतो, अंगठा पाइपात. मग पाहुण्यांनी संगीताला नाव घ्यायचा आग्रह केला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"नळाले बांधला दोरा, दोऱ्याले बांधली गाडी,
दिलीपरावांचं नाव घेते, पिळून ओली साडी!"

टाळ्यांच्या गजरात तिने मला तिथेच उभ्याउभ्या घास भरवला. केळवणाच्या फोटोंत नवरानवरीपेक्षा तोच फोटो जास्त घरांत फिरला.

लग्न थाटात झालं. मांडवात निखिलच्या आत्या मला शोधत आल्या. "तुमीच नं ते नळाचं काम करनारे? आमच्या मोरीतला नळ लय टपकून राह्यला जी."

मी टेलर आहे हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात संगीता म्हणाली, "येतीन जी ते, रविवारी येतीन."

गेलो. पाना लावून नळ मोठ्या ऐटीत काढला. बसवायला मात्र त्यांना प्लंबर बोलवावा लागला. निघताना आत्यांनी चहाचा कप पुढे केला आणि फार हळुवारपणे विचारलं, "तुमी दुसरं काई काम करता का जी?"

"हो, ब्लाउज शिवतो," मी म्हणालो.

आत्यांनी पलंगावर पडलेलं नवंकोरं ब्लाउजपीस उचललं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.