मामांची शेवंती आणि चेअरमनचं मंजूर

दोन माणसांना चुकलात असं कधी म्हणायचं नसतं: एक सोसायटीचा चेअरमन, दुसरा जावई. माझ्या मामांना दोन्ही एकाच अंगरख्यात मिळालेत.

मामांचा मळा कासुर्डीच्या शिवारात. सहा हंगाम बी धरून, रोपं लावून, नको ती उपटून त्यांनी स्वतःची एक शेवंती तयार केली. पिवळी जर्द, तोडल्यावर चार दिवस मान न टाकणारी. एका नर्सरीवाल्यानं गोड बोलून तिच्या काश्या, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, नेल्या अन् वर्षाच्या आत आपलं नाव लावून रोपं विकायला काढली. शेवंती मामांची, हे सांगायचं तर सरकारी नोंदणी हवी. नोंदणीला पुरावा हवा: कुठल्या झाडापासून कुठलं झाड आलं, हंगामवार, फोटोसकट. तो पुरावा मामांच्या ओट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि तो कॉम्प्युटर मी दिलेला.

मी रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, कारेगावात खोली करून राहतो. त्या डबड्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं तेव्हा छाती फुगवून म्हणालो होतो, ‘‘मामा, ह्याला काय होत न्हाई.’’ मामा तोवर वहीत लिहायचे. दोन रविवार बसून मी त्यांच्या सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. प्रत्येक फोटोच्या फाइलला झाडाचा नंबर दिला. मामांनाही शिकवलं, आणि ते बिचारे एका बोटानं टाइप करायला लागले.

मग अधिक महिना आला अन् जावई धोंडे खायला आले. शिरूरकडच्या एका गावात ते सोसायटीचे चेअरमन आहेत. सकाळी मामा नोंदी भरत बसले असताना लाइट गेली, आली, परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीबाही विचारत थांबला होता. मामा मला फोन लावायला उठले. जावई म्हणाले, ‘‘त्याला कशाला तरास देता? सराव हाय आपल्याला.’’ अन् खुर्चीत बसले.

सराव कसला, तर वार्षिक सभेचा. सचिव विषय वाचतो, मागच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ येतं, चेअरमन मान डोलावतो, अर्ध्या तासात सगळे जेवायला मोकळे. वाचलं काय अन् मंजूर झालं काय, कुणाच्या बापाला ठाऊक नसतं. इथंही तेच झालं. मशीन विचारत होतं, ही नोंद तुटलेली दिसते, पुसू का? जावयांनी वायचं, म्हणजे ‘हो’चं, बटण दाबलं. ह्या फाइलला घर सापडत नाही, नाव काढून दुसरीकडे टाकू का? पुन्हा वाय. प्रश्न संपेनात तेव्हा त्यांनी बोट तिथंच ठेवलं. मामी सांगत होत्या, दाबताना तोंडानं ‘मंजूर’ म्हणतसुद्धा होते, अन् घरातले सगळे हसत होते. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा हात धरायची कुणाची टाप आहे?

डिस्क मरायला टेकली असेल तर तिच्यावर दुरुस्ती चालवायचीच नसते. आधी तिची जशीच्या तशी नक्कल काढायची, मग काय खेळ करायचा तो नकलेवर. एवढं साधं आहे. पण उंटावरच्या शहाण्याला खालचं काय दिसणार? वर मलाच फोनवर म्हणतात, ‘‘तुमचं ते लिनक्स कच्चं हाय. आमच्या हापिसातलं एक डाव असं करत न्हाई.’’

मी डिस्क काढून कारेगावला आणली. सेकंड शिफ्टला जायच्या आधी रोज सकाळी तिच्यापुढं बसायचो. नक्कल निघायला दोन दिवस लागले, नकलेतून फाइली वेचायला पुढचा आठवडा. त्या आठवड्यात चेअरमनच्या सात पिढ्यांचा मी यथासांग उद्धार केला. लाइनवरच्या पोरांना रोज नवा किस्सा पुरवला. सगळे पोट धरून हसायचे.

फोटो जवळजवळ सगळे निघाले. पण नावं गेली होती. झाडाच्या नंबराच्या जागी मशीननं आपलेच लांबलचक आकडे ठोकून दिले होते. कुठला फोटो कुठल्या दिवशीचा एवढं कळत होतं, पण मामा एका सकाळी साठ-साठ झाडांचे फोटो काढायचे. अन् आई-बापाची नोंद असलेली मुख्य फाइल लाइट गेली तेव्हा उघडीच होती. ती सापडली. आत एक अक्षर नव्हतं.

तरी मला आशा होती. सहा वर्षं पोरांसारखी वाढवलेली झाडं, मामा बघताक्षणी ओळखतील. रविवारी लॅपटॉप घेऊन मळ्यात गेलो. मामांनी चष्मा पुसला अन् एकेक फोटो बघायला लागले. पिवळं फूल, पिवळं फूल, आणखी एक पिवळं फूल. वीसेक झाल्यावर त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला.

मी म्हणालो, ‘‘मामा, नीट बघा की. तुमचीच झाडं हायती.’’

‘‘नुसतं बघून वळखू आली असती,’’ मामा म्हणाले, ‘‘तर लिवून कशाला ठिवली असती?’’

मी पुन्हा चेअरमनवर घसरलो. मामा ऐकत होते. मग हळूच म्हणाले, ‘‘त्यांचं सोड. वह्या तरी असत्या तर.’’

वह्या कुठं गेल्या हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या त्या दुसऱ्या रविवारी दारात भंगारवाला आला होता. वह्यांचा गठ्ठा हातात धरून मामांनी मला दोनदा विचारलं होतं, ‘‘घालू का रं ह्या? नक्की?’’ मी टाइप करत होतो. मान वर न करता म्हणालो होतो, ‘‘घाला हो.’’