फाटकाबाहेरचा भूकंप

“तुझ्या आईला सांग, फाटकाबाहेर उभी राहा म्हणावं.”

साहेब मला म्हणाले. माझ्याच गावात. मालकांच्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून, चहाचा घोट घेत.

मी साहेबांच्या टीममधली इंजिनीअर. अणुवीज केंद्राच्या जुन्या इमारती भूकंपात टिकतील का, हे तपासायचं आमचं काम. त्याआधी जमीन किती जोरात हलते हे ठरवावं लागतं. हादरे मोजणारी यंत्रं थोडीच. म्हणून धक्का बसला की गावोगाव जाऊन विचारायचं. काय पडलं, कुठली भिंत फाटली. त्यावरून तीव्रता ठरते आणि ती पुढे अणुभट्टीच्या भिंतीच्या हिशेबात जाते.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जमीन अधूनमधून गुरगुरतेच. त्या पहाटे मात्र ती खवळली. औंढ्याकडच्या आमच्या गावात आमच्या घराची भिंत आईच्या अंगावर आली. हात मोडला. दोन दिवसांनी टीम तिथंच निघाली, तिच्याबरोबर मीही.

मालक म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. स्लॅबचा बंगला. ते सांगत होते, “काही न्हाई साहेब. जरासं हललं. आमची एक वाटी पडली न्हाई.” साहेब लिहून घेत होते. आमच्या वस्तीत जायचं नावच नाही. तेवढ्यात बौद्धवाड्यातून आई चालत आली. हात गळ्यात बांधलेला.

“साहेब, आमच्या वस्तीत बी या. भिंती पडल्या. लेकरं भायेर झोपून राहिलीत.”

“भांडी पडली का?” साहेबांनी विचारलं.

“भांडी आमी खालीच ठेवतो जी. सारखं हलून राहिलं तवापासून.”

“म्हणजे पडली नाहीत.” साहेबांनी तेवढंच लिहिलं.

मालक हसले. “त्यांच्या भिंती शेळीनं अंग घासलं तरी पडतात. आन् त्या बाईला भायेर काढा. घरात पूजा हाय.”

तेव्हा साहेबांनी मला ते फर्मान सोडलं.

मी उठले. अंगाची लाही लाही होत होती, तरी आवाज ताब्यात ठेवून म्हटलं, “सर, मातीची घरं सोडून तीव्रता कशी ठरणार?” तीव्रतेच्या मोजपट्टीत घरांचा पहिला वर्गच मातीच्या घरांचा. हे मला साहेबांनीच शिकवलेलं.

“कोट्यातून आलीस ना? आता भूकंपातही कोटा हवाय?”

सगळे हसले. टीममधले माझे मित्रसुद्धा.

मालकांच्या पोरानं आईचा मोडका हात धरला. “काहून उभी हायेस गं? निघ!” आणि ढकललं. आई फाटकावर आपटली. ती कशी ओरडली ते मी लिहू शकत नाही.

मी त्याची कॉलर धरली. थोबाडीत दिली. पुन्हा दिली. त्यानं केसांना धरून मला खाली पाडलं, बरगडीत लाथ घातली. ओठ फुटला. कुणी मधे पडलं नाही. साहेबांनी कप बाजूला ठेवला, बूट मागे घेतले.

“माफी माग त्यांची. नाहीतर गाडीत बसू नकोस.”

तोंडातलं रक्त मी त्या चकचकीत फरशीवर थुंकले. “न्हाई मागत.” शहरात इतकी वर्षं जपलेलं शुद्ध बोलणं तिथंच गळून पडलं. बरं झालं.

गाडी गेली. आईला घेऊन मी आधी दवाखान्यात गेले, मग पोलीस ठाण्यात. ॲट्रॉसिटीची तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी वस्तीतलं एकेक घर पाहिलं. कोपऱ्यापासून सुटलेल्या भिंती, बसलेली छपरं. मोजली, फोटो काढले. हा धक्का ‘जरासा’ नव्हता. आणि केंद्राच्या भिंती या ‘जराशा’वर पास होणार होत्या. उद्या त्या फुटल्या तर तिथंही आधी कोण मरेल, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आता आमचा अहवाल तपासणीसाठी तज्ज्ञांच्या बैठकीपुढे जाईल. साहेबांचा निरोप आला: अहवालावर सही कर, प्रकरण मिटवतो.

सही करणार नाही. तक्रारही मागे घेणार नाही. बोलावलं नाही तरी त्या बैठकीत घुसेन आणि सगळ्यांच्या तोंडावर सांगेन की हा धक्का चोरलाय. नोकरी गेली तर गेली. आमची पडलेली घरं धरल्याशिवाय ती भट्टी सुरक्षित आहे, असं माझ्या तोंडून निघणार नाही. पुन्हा लाथा घाला, तरी नाही.