धरण त्या दिवशी बंद होतं

सत्य हे माणसाच्या अंतःकरणातलं सर्वांत पवित्र स्थान असतं — असं मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना दरवर्षी जुलैत सांगत असे. जुलैत, कारण पुढे मुलं वर्गात येत नसत. आता जे सांगणार आहे, ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — ना बहिणीला, ना मुलाला, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही ओळखीचे नाही, हे बरं आहे.

आधी माझी ख्याती सांगते. राजापेठेतल्या लग्नात ड्रोन उडाला की लोक एकदा वर बघतात आणि मग माझ्याकडे — ही आता काय बोलते म्हणून. धाकट्या जावेने दुबईहून सोन्याचा वर्ख लावलेल्या कॉफीचा फोटो पाठवला, तेव्हा मी फक्त "पचली का?" एवढंच विचारलं होतं, ते अकोल्यापर्यंत पोचलं. सत्काराच्या शाली, वाढदिवसाचे फलक, नवरदेवाची धुरातून होणारी एंट्री — मी कशाचीच गय केली नाही. अशा बाईला सगळ्या जगात एकच शहर बघायचं असावं आणि ते लास वेगास असावं — हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण होतं तसं. वाळवंटात वसवलेलं, जुगारावर चालणारं शहर. खोटा आयफेल टॉवर, खोटा पिरॅमिड, हॉटेलच्या आत खोटा कालवा आणि त्यात खऱ्या नावा. ज्या दिमाखाला मी जन्मभर नावं ठेवली, तो एकाच जागी, इतक्या टापटिपीने, जराही न लाजता मांडलेला बघायची मला ओढ होती. हे झालं सुशिक्षित कारण. खरं कारण असं, की जुगाराच्या यंत्राला बाजूने एक दांडी असते — पडद्यावर पाहिलेली. ती मला एकदा ओढायची होती. एवढंच.

मुलगा, निखिल, तेव्हा अमेरिकेत फिनिक्सला होता. दोन महिने या म्हणाला. त्याला रजा फारशी नव्हती. एका शनिवार-रविवारी कुठेतरी नेऊन आणतो, कुठे ते तुम्ही ठरवा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "तुझ्या बाबांना लास वेगास बघायचं आहे."

बाबा तेव्हा अंगणातल्या नळाचा वायसर बदलत होते.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. साधा, सरळ माणूस. चहाशिवाय व्यसन नाही. पत्त्यांत राजा आणि गुलाम कोणता हेसुद्धा विचारून घेतील. लग्नानंतर मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते काम चालू असलेल्या एका धरणावर, आणि भिंतीचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, दाखवलं. मी नवी होते, छान आहे म्हणाले. तेव्हापासून त्यांना वाटतं, मला धरणं आवडतात. त्यांना स्वतःला जगातलं एकच धरण बघायचं होतं — कॉलेजच्या पुस्तकात ज्याचं चित्र होतं ते. आणि ते नेमकं फिनिक्सहून लास वेगासला जाण्याच्या रस्त्यावर आहे. मी त्यांचं नाव परस्पर पुढे केलं हे सांगितलं, तेव्हा ते रागावले नाहीत. "धरण वाटेतच हाय ना?" म्हणाले. "मग चाला."

मग मी सगळीकडे तेच सांगत सुटले. यांचा हट्ट आहे हो. मी काय, पुस्तक घेऊन हॉटेलात बसेन. लोकांना माझी दया येऊ लागली, आणि खोटं कशाला बोलू — ती मला आवडू लागली.

बातमी मूर्तिजापूरला पोचली आणि तिसऱ्याच दिवशी मोठ्या नणंदबाई दारात. पाणीसुद्धा न पिता त्यांनी भावाला समोर बसवलं.

"वसंता, तुले काय कमी आहे रे? या वयात जुगार काहून सुचून राहिला तुले?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले. आतून ऐकलं.

"नुसतं पाहून येतो, बाई."

"आपल्या गावचा गणपत पोळ्याच्या पत्त्यांत बैल हरला. तोही पाहालेच गेला होता."

"मी बैल घेऊन नाही चाललो."

"जीभ चालून राहिली बरी तुही. चाल मोझरीले."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला गुरुकुंज मोझरीला नेलं. तिथे राष्ट्रसंतांच्या समाधीसमोर यांनी हात जोडून शब्द दिला, की तिकडे गेल्यावर जुगाराच्या कुठल्याही वस्तूला हात लावणार नाही. माझी इच्छा, त्यांची शपथ. मी शेजारी उभी होते. मीही हात जोडले होते — काय मागत होते, कोण जाणे.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो गुन्हा. नाही हो. एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायलाही बसले नसते.

निघायच्या आधी निखिलचा फोन आला. हे भाजी आणायला गेले होते. म्हणाला, आई, वाटेत धरणापाशी थांबायचं तर चांगला अर्धा दिवस जाईल. मग वेगासला पोचेपर्यंत उशीर होईल, आणि मुक्काम एकच रात्रीचा आहे, परत येताना तर अंधारच होईल. काय करू? बाबांना विचारू?

विचार म्हणायला काय लागत होतं? तीन अक्षरं. त्याऐवजी मी म्हणाले — बाबांचे गुडघे फार दुखतात रे, तिथे चढउतार असेल, त्यांनाच नको आहे. आणि हे भाजी घेऊन आले, तेव्हा पिशवी हातातून घेता घेता सांगितलं — अहो, धरण त्या दिवशी बंद आहे म्हणतो निखिल. दोघांना दोन कारणं, कारण एक कारण दोघांनाही पटलं नसतं. इतका विचार मी माझ्या प्रबंधातही केला नव्हता.

धरण बंद असतं म्हणजे काय? ज्यांची हयात धरणांवर गेली त्यांना हा प्रश्न पडू नये? पडला असावा. ते थोडा वेळ मेथीच्या जुडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "देखभालीचं काम असन. ठेवाच लागते एखाद्या दिवशी बंद." माझ्या खोट्याला जे भोक होतं, ते त्यांनीच लिंपून दिलं.

आम्ही गेलो. धरणाच्या बाजूने आता एक नवा पूल आहे आणि त्याचा कठडा इतका उंच, की गाडीत बसलेल्याला खाली काही दिसत नाही. पूल जवळ आला तसा यांनी चष्मा पुसला आणि ताठ बसले. पूल संपला. "कठड्याचं काँक्रीट चांगलं आहे," म्हणाले. निखिलने आरशातून त्यांच्या गुडघ्यांकडे काळजीने पाहिलं. मी खिडकीबाहेर.

त्या अवाढव्य जुगारघरात हात पाठीमागे बांधून फिरणारा तो एकच माणूस होता. शब्द दिला होता ना. लोकांना वाटलं असावं, कोणी साहेब तपासणीला आलेत. खोट्या कालव्यापाशी मात्र ते रमले, काठावर बसून त्यांनी गळती कुठेच नसल्याची खात्री करून घेतली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले आवडलं ना?"

तेव्हापासून हे सकाळच्या फिरण्याच्या मंडळींना एक उदाहरण देतात. तिकडे देखभालीसाठी एवढं मोठं धरण बंद ठेवतात, पाहुण्यांची पर्वा करत नाहीत. शिस्त म्हणतात ती ही. खात्याच्या निवृत्तांच्या मेळाव्यातही त्यांनी हे सांगितलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या.

धरण त्या दिवशी उघडं होतं. मी मोबाइलवर आधीच बघून ठेवलं होतं. निखिल आता पुण्याला परत आलाय, त्यामुळे त्या बाजूला आमचं पुन्हा जाणं नाही. यांना मी सांगितलेलं नाही, आणि हे ते वाचतील अशी भीतीही नाही — माझं लिहिलेलं ते वाचत नाहीत, त्यात आकृत्या नसतात.

राहिली ती दांडी. ती आता नसते. बटण असतं.