तळ्याकाठचा संडास

ग्लॅडिस नवगावकर कुठल्याही गावाची पारख एकाच गोष्टीवरून करते. तिथे माणसाला संडासाची सोय आहे का? नायगरा बघून आली तेव्हा मी विचारलं, कसा वाटला धबधबा?

"धबधबा बरा आहे," ती म्हणाली. "वॉशरूम फार छान. हात धुवायला गरम पाणी."

बाई भायखळ्याची, बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. मुंबईत नर्स होती. इथे परदेशात आल्यावर नर्सिंगची परीक्षा परत द्या म्हणाले. घर चालवायचं होतं, म्हणून तिने एटोबिको नावाच्या उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायचं काम धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. नवरा एडविन रेल्वेत फिटर होता. आता त्याला डायबेटीस आहे, प्रोस्टेटचा त्रास आहे. अर्ध्या तासाच्या वर त्याला थांबता येत नाही.

आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. खाली तळं. समोरचा काठ दिसत नाही, इतकं मोठं. काठाला पार्क आणि पार्कात विटांचं एक छोटं वॉशरूम. दर वर्षी थंडी सुरू झाली की त्याला कुलूप लागायचं, ते थेट वसंतात निघायचं. गेल्या हिवाळ्यात कुलूप लागलं आणि एडविनचं फिरणं थांबलं. तो खिडकीशी बसून तळं बघायचा. फेब्रुवारीपर्यंत त्याचं बोलणंही थांबलं.

"तळं बघत बसतो नुसता," ग्लॅडिस मला लिफ्टमध्ये म्हणाली. "तळं काय त्याच्याशी बोलणार आहे, दीनानाथ? अजून एक हिवाळा असा गेला तर हा माणूस माझा राहणार नाही."

ती नगरपालिकेच्या सभेला गेली. लोक तिथे रोषणाई, पुतळा, नवीन पाट्या असलं काय काय मागत होते. गाव देखणं कसं करावं, हा विषय होता. ग्लॅडिस उठून म्हणाली, "तुम्ही पोस्टरवर हंस छापता. हंसांना कुठेही चालतं. माणसांना चालत नाही."

लोक हसले. पण वॉशरूम एक हिवाळा उघडं ठेवून बघू, असं ठरलं. अट एकच. उघडणं, बंद करणं, साफसफाई आम्ही करायची. आणि पाइप फुटला तर कुलूप कायमचं. ग्लॅडिसने त्या आठवड्यात एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने नवसाचा मलिदा केला. भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं आणि फळं. पार्कातल्या बाकावर तिने तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटला. एका चिनी आजोबांनी दोनदा घेतला.

लादी ती स्वतः पुसायची. मी कोपरे बघितले. कोपरे स्वच्छ होते. त्यापुढे मी काही विचारत नाही.

मग लोक थांबायला लागले. पूर्वी वॉटर्लूच्या कॉलेजातून पोरं यायची, बर्फाचे फोटो काढायची आणि कुडकुडत गाडीत बसून निघून जायची. आता बायका लहान मुलं घेऊन सकाळ काढायच्या. म्हातारे दोन फेऱ्या मारायचे. चहाची एक गाडी उभी राहायला लागली. एडविन चहावाल्याशी हिंदीत भांडायचा, आलं कमी टाकतोस म्हणून. ते भांडण ऐकायला ग्लॅडिस मुद्दाम लांब उभी राहायची.

जानेवारीत कडाक्याची थंडी येणार, असं कळलं. पाण्याचा पाइप उत्तरेच्या भिंतीतून जातो, वर फक्त प्लायवूडची फळी. मी आयुष्यभर रस्त्याखाली पाण्याचे पाइप टाकले. अशा थंडीत नळ बारीक धारेने सोडून ठेवावा लागतो. वाहतं पाणी गोठत नाही. सोमवारी दुपारी मी नळ सोडला आणि ग्लॅडिसला फोन केला. "संध्याकाळी कुलूप लावशील तेव्हा नळाला हात लावू नकोस."

"नाही लावत," ती म्हणाली.

मंगळवारी दहा वाजता नगरपालिकेची मॉरीन बघायला येणार होती. उरलेला हिवाळा वॉशरूम चालू ठेवायचं की नाही, हे तिच्या हातात होतं. आम्ही तिघं आठला पोहोचलो. ग्लॅडिसने दार उघडलं. आत धारेचा आवाज नव्हता.

मी नळापाशी गेलो. नळ बंद होता. घट्ट. उघडला. पाणी नाही.

"कोणी बंद केला?"

 ग्लॅडिस आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

"मीच," ती म्हणाली. "दिवा बंद केला, नळ बंद केला, दार ओढलं. मला आठवतही नाही रे. पण मीच. दुसरं कोण?"

 जिचं बालपण पहाटे दोन तास येणाऱ्या पाण्यावर गेलं, तिचा हात टपकत्या नळाजवळून रिकामा परत येत नाही. डोक्याला सांगितलेलं हाताला पोहोचलं नव्हतं.

"फुटला का?" एडविनने विचारलं.

"आत्ता कळणार नाही. बर्फ वितळल्यावर कळेल."

मी फळीचे स्क्रू काढले. पाइपवर दव गोठून पांढरं झालं होतं. ग्लॅडिस घरी जाऊन हेअर ड्रायर आणि पाण्याचा कॅन घेऊन आली. चहावाल्याकडून तिने उकळत्या पाण्याची किटलीही आणली आणि सरळ पाइपवर ओतायला निघाली.

"थांब!" मी ओरडलो. "फुटायचा बाकी असेल तर आता फुटेल."

"मग काय करू? नुसती उभी राहू?"

"टॉवेल त्या पाण्यात भिजव, पीळ आणि पाइपला गुंडाळ. नळाकडून सुरुवात कर. नळ उघडा राहू दे."

ती करत राहिली. हात लाल झाले. टॉवेल गार झाला की काढायचा, पुन्हा भिजवायचा, पिळायचा. मी ड्रायर हळूहळू मागे नेत होतो. घाई करता येत नव्हती आणि नऊ वाजून गेले होते. एकदाही तिने "बस झालं का?" असं विचारलं नाही.

एडविन दाराशी पाय बदलत होता.

"काय झालं?" ग्लॅडिस म्हणाली.

"काय होणार? घरी जाऊन आलो त्याला अर्धा तास झाला."

"जा आत. कॅनमधलं पाणी घाल वरून."

तो गेला. बाहेर आला तेव्हा डोळे चमकत होते. बऱ्याच दिवसांनी मी त्याला तसा बघितला.

"ग्लॅडी, फ्लश झालं की! कॅनच्या पाण्याने. ती बाई आली की मी असंच पाणी ओततो. फळी लावून टाका. तिला काय कळतंय?"

मी फळीकडे बघितलं. चार स्क्रू. खोटं बोलायला एवढं काम पुरेसं होतं.

ग्लॅडिस टॉवेल पिळत होती. "आणि ती गेल्यावर भिंतीतून पाणी आलं तर?"

"तेव्हा बघू."

"तेव्हा तू खिडकीत बसशील, एडविन. मी बघेन."

बाहेर गाडीचं दार वाजलं. मॉरीन वेळेच्या आधीच आली होती. तिने उघडी भिंत बघितली, टॉवेल बघितले, कोरडं बेसिन बघितलं.

"गोठला?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो," ग्लॅडिस म्हणाली. "दीनानाथने नळ बरोबर सोडला होता. मी बंद केला. सवयीने. चूक माझी आहे."

एडविनने डोळे मिटले.

मॉरीनने हातमोजे काढून पाइपला हात लावला. "अट फुटण्याची होती," ती म्हणाली. "फुटलाय का?"

"अजून माहीत नाही," मी म्हणालो.

"मग चालू ठेवा. मी थांबते."

ती दाराला टेकून उभी राहिली.  ड्रायर कोपऱ्याच्या वळणावर पोहोचला. पाइप फुटतो तो बहुतेक तिथेच. नळातून हवा फुसकन आली. मग खोकल्यासारखा आवाज. मग गंजाळलेलं पाणी, आणि मग धार.

ग्लॅडिस धारेकडे बघत नव्हती. ती वळणाकडे बघत होती. तिथे ओल होती.

मी पेपर टॉवेलने पाइप पुसला. कागद भिजला. "ड्रायरमुळे दव वितळलंय," मी म्हणालो. "किंवा चीर असेल. थांबून परत पुसावं लागेल."

ड्रायर बंद केला. थांबलो. एडविन तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, हिब्रू असावं. मग मॉरीनने स्वतः नवा कागद घेतला, वळणाला गुंडाळला, दाबून धरला आणि उजेडात नेला.

कागद कोरडा होता.

तिने पुन्हा एकदा केलं. कोरडाच.

"मार्चअखेरपर्यंत उघडं ठेवा," ती म्हणाली. मग धार बारीक करून, माझ्याकडून पकड घेऊन तिने नळाची मूठ काढली आणि ग्लॅडिसच्या हातात ठेवली. "थंडीच्या दिवसांत ही तुमच्या पर्समध्ये. आता बंद करायचं म्हटलं तरी जमणार नाही."

ती गेल्यावर मी फळी लावली. ग्लॅडिस बेसिनजवळ उभी राहून बारीक धार बघत होती. कोणी नातेवाईक आजारी असावा तसा चेहरा. शेवटी तिला राहवलं नाही. घरून एक बादली आणून तिने धारेखाली कशीबशी तिरकी बसवली. तेव्हापासून ती लादी त्याच पाण्याने पुसते. उरलेलं संडासात ओतते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्याकाठी उभे होतो. काठाच्या दगडांवर बर्फाचे गोळे साचले होते, पोरं फोटो काढत होती. एडविन आत गेला होता. थोड्या वेळाने त्याची हाक आली.

"ग्लॅडी! नळ चालू राहिलाय!"

"माहीत आहे!" ती ओरडली. दोन्ही हात तिने कोटाच्या खिशात घातले. "तू हात धू आणि बाहेर ये. चहा थंड होतोय."