हिरवी पर्स आणि अकरा रेघा

माझी धाकटी जाऊ झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते. तिला बघून माणसं किंचाळत पळतील असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण पळाली. माझ्या डोळ्यांदेखत पळाली, आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. उगाच गोड बोलत नाही, मी तिच्यावर जळते.

पार्कातला भूतबंगला माझा. म्हणजे जागा मालकांची, पण बारा वर्षं त्यातली भुतं मी केली. पहिल्या खोलीत विहिरीतून वर येणारी बाई, दुसरीत पलंगावर उठून बसणारं प्रेत, मग आरशांची खोली, मग स्वयंपाकघर. तिथे पातेल्याचं झाकण उचललं की आतलं मुंडकं डोळे उघडतं. विहिरीतल्या बाईने वर येण्याआधी किती वेळ दम धरायचा, एवढ्या एका गोष्टीवर मी तीन महिने घालवले होते.

प्रत्येक खोलीला बाजूला एक दार असतं. ज्याला पुढे जाववत नाही त्याने तिथून बाहेर पडायचं. त्याला आम्ही पळवाट म्हणतो. पळवाटेबाहेर काळी पाटी, आणि कुणी पळालं की दारावरचा माणूस खडूने एक रेघ ओढतो. आमच्या धंद्यातल्या टाळ्या म्हणजे या रेघा.

धाकटी आधी दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बसायची. घाबरलेल्या लोकांशी दिवसभर गप्पा मारणं हेच तिचं काम. तो दवाखाना बंद पडला तेव्हा दीर मला म्हणाला, वहिनी, हिला तुमच्याकडे चिकटवा कुठेतरी. मी चिकटवली. हा दगड मीच माझ्या पायावर पाडून घेतला. शेवटची, पाचवी खोली म्हणजे नुसता बोळ होता. पळापळीत लोकांच्या सुटलेल्या चपला, चष्मे, रुमाल आम्ही तिथे आणून ठेवायचो, म्हणजे बाहेर पडताना ज्याचं त्याला सापडेल. तिथे तिला एक खुर्ची दिली. मुखवटाही दिला, तर "ताई, यात घाम येतो हो," म्हणून तिने तो परत केला. आपल्या रोजच्या कपड्यांत, मांडीवर हिरवी पर्स घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी पाचव्या पाटीवर नऊ रेघा होत्या आणि माझ्या विहिरीच्या पाटीवर दोन.

मला वाटलं, दारावरच्या माणसाला मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः उभी राहिले. अकरा.

त्यातच मालकांनी दुप्पट मोठा नवा भूतबंगला बांधायला काढला. ते म्हणाले की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्या खोलीवर जास्त रेघा असतील, त्या खोलीवालीने नव्याचा आराखडा करावा. बारा वर्षांनी मला परीक्षेला बसवलं, आणि तेही कुणाबरोबर, तर झुरळाला घाबरणाऱ्या बाईबरोबर! घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "घरातच राहणार ना काम?"

एकदा तिची सुट्टी होती. मी तसेच कपडे घालून, तशीच पर्स घेऊन तिच्या खुर्चीवर बसले. दिवसभरात एका गृहस्थाने मला टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. बाकी कुणी थांबलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी माळ्यावर दिव्याची वायर बदलताना झरोक्यातून खाली रांग दिसली. रांगेत धाकटी! एका आजींना सांगत होती, मी एकटीच आलेय, मला फार भीती वाटते, तुमच्या सोबतीने येऊ का? एका पोरीला तिने बुटाचा बंद बांधेपर्यंत पर्स धरायला दिली. पाच मिनिटांत रांगेतले सगळे तिचे झाले. आम्ही एका वेळी बारा माणसं आत सोडतो. त्यांच्याबरोबर ती आत शिरली आणि अंधार होताच भिंतीमागच्या कामगारांच्या वाटेने सटकली. मग ते लोक माझ्या चारही खोल्यांतून, अहो, त्या बाई कुठे राहिल्या, असं म्हणत तिला शोधत निघाले. माझी विहीर, माझं प्रेत, माझं मुंडकं, सगळं तिच्या काळजीने बघितलं त्यांनी. आणि पाचव्या खोलीत ती बसलेली, पाठमोरी, मांडीवर हिरवी पर्स.

इतकी सोपी गोष्ट, आणि मला बारा वर्षांत सुचली नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी तडक मालकांकडे गेले. धाकटी जागेवर नसते, रांगेत गप्पा छाटत उभी असते, एवढंच सांगितलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. मालकांनी तिला खोलीबाहेर पडायची बंदी केली. पाचव्या पाटीवर त्या शेवटच्या आठवड्यात एकच रेघ पडली, आणि महिनाअखेर आराखडा माझ्याकडे आला. धाकटीने दुसऱ्या एका दवाखान्यात नोकरी धरली. जायच्या दिवशी तिने खुर्ची पुसून ठेवली.

"ताई, मला विचारलं असतंत तर मीच ती युक्ती सांगितली असती," ती म्हणाली. "तुम्हाला हवीच होती ना ती?"

मी मुंडक्याला केस चिकटवत राहिले.

नव्या बंगल्यातही मी खोल्या पाचच ठेवल्या, फक्त दुप्पट मोठ्या; पहिलीत विहीर, शेवटच्या खोलीत खुर्ची. तिच्यावर बसवायला पर्सवाली बाहुली केली. पण तिचा चेहरा काही केल्या धाकटीसारखाच व्हायचा. चार वेळा रंग खरवडला. पाचव्यांदा रंगवला तो उद्घाटनाच्या सकाळी, आणि तो वाळलाच नाही. बाहुली मागे, आम्ही भुतं बनवतो त्या कारखान्यातच राहिली आणि खुर्ची रिकामी.

धाकटीला मी पास पाठवला नव्हता. ती तिकीट काढून आली. मी पाचव्या पळवाटेबाहेर खडू घेऊन उभी होते. रिकाम्या खुर्चीला कोण पळणार, म्हणून मान खाली घालूनच. इतक्यात आतून किंकाळी आली. दार धाडकन उघडलं आणि एकामागून एक अकरा माणसं बाहेर पडली. एक बाई धापा टाकत माझा हात धरून म्हणाली, "त्या आमच्याबरोबर आत आल्या होत्या हो. कुठे गेल्या त्या?"

मी अकरा रेघा ओढल्या आणि आत गेले. खुर्चीवर हिरवी पर्स होती.

पहिल्या खोलीच्या दारावरचा माणूस मागच्या वाटेने आला, तेव्हा उलगडा झाला. विहिरीपाशी कुणीतरी पर्स टाकून पळालं होतं. त्याने ती नेहमीप्रमाणे शेवटच्या खोलीत आणून ठेवली, आणि ठेवायला तिथे खुर्चीशिवाय काही नव्हतं.

धाकटी पर्स घ्यायला आली ती पांढरीफटक पडलेली. हे रांगेतलं सोंग नव्हतं.

"ताई, ती विहिरीतली बाई. मला पुढे जाववेचना."

तेवढ्यात मालक पाटी बघून धावत आले. "रिकामी खुर्ची आणि नुसती पर्स! हे कसं सुचलं तुम्हाला?"

धाकटी माझ्याकडे बघत होती.

"सुचलं," मी म्हणाले.

तिने पर्स खांद्याला अडकवली आणि ती घरी गेली. संध्याकाळी मी पाचव्या पाटीवरच्या अकरा रेघा ओल्या फडक्याने पुसून टाकल्या. पहिल्या खोलीच्या पाटीवर एकच रेघ होती, ती मात्र पुसली नाही. ती माझी आहे.