आधी तू खा

किल्लीवाला मुळात संशयी नव्हता. अख्ख्या वस्तीची कुलपं उघडणारा हा माणूस स्वतःच्या घराला नुसती कडी लावून निघायचा. म्हणून त्यानं एकाएकी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप ठोकलं, तेव्हा बायकोला हसूच आलं.

"अहो, यातलं कोण काय नेणार आहे?"

"नेत नाही, घालतं कुणीतरी," तो म्हणाला.

पोटऱ्यांत गोळे येत होते. कानस धरली की मनगट ढिलं पडायचं, साधी किल्ली घासून होईना. धडधाकट माणूस असा उगाच गळतो? जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय. आणि घरात दुसरं होतं कोण! मग तिचं सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं. मीठ घालताना ती पाठ का करते? बहिणीशी फोनवर बोलताना हा दिसला की गप्प का होते?

"आधी तू खा," ताट तिच्याकडे सरकवून तो म्हणायचा. ती बिचारी खायची. हा टक लावून तिचा घसा बघायचा.

तेवढ्यानंही भागेना, तेव्हा त्यानं घरचं जेवणच सोडलं आणि स्वतः केलेल्या कोऱ्या चहावर राहू लागला. पायांच्या सुजेसाठी डॉक्टरांनी दिलेली लघवीची गोळी मात्र तो पहिल्यापासूनच एकाऐवजी दोन घ्यायचा. ती त्यानं स्वतः विकत आणलेली, तिच्यावर कसला संशय!

मग महाशयांनी खोलीला आतून नवं कुलूप लावलं. सकाळी ते उघडायला गेला, तर किल्ली फिरवायची ताकद बोटांत नव्हती. "बाहेरून काय केलंस?" तो ओरडत राहिला. बायकोनं शेजाऱ्यांकडून दार फोडून घेतलं आणि त्याला दवाखान्यात नेलं.

"रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलंय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या दुप्पट आणि पोटात अन्न नाही. हातपाय गळतात, कुणाकुणाचं डोकंही असं भरकटतं. यांनी आणलं म्हणून वाचलात, नाहीतर हृदय बंद पडलं असतं."

औषधानं बोटांत जोर आला, डोकंही निवळलं. बायको बहिणीजवळ फोनवर रडायची, हे कळल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताच त्यानं आधी कपाटाचं कुलूप काढलं.

तिनं ताट वाढलं. त्याच्यापुढे ठेवण्याआधी त्यातला एक घास स्वतःच्या तोंडात घातला.

"अगं, आता नको ना ते."

"असू द्या," घास गिळून ती म्हणाली. "त्याशिवाय ताट पुढं करायला माझाच हात धजत नाही."